संदेष्टे संपले का? बायबलनंतरच्या देववाणीकडे ख्रिस्ती परंपरा कशी पाहते

गोव्यातलं जुनं ख्रिस्ती मराठी साहित्य वाचणाऱ्याला एक प्रश्न कधी ना कधी गाठतोच. माझ्यापुढे तो थॉमस स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ने ठेवला. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि साष्टीत राहून मराठी-कोंकणी शिकला. १६१६ साली रायतूरला त्याचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापला गेला. ग्रंथाचे भाग दोन. 'पैलें पुराण' जगाच्या निर्मितीपासून निघून जुन्या करारातले राजे आणि संदेष्टे यांच्या कथा सांगतं. 'दुसरें पुराण' येशूच्या चरित्राला वाहिलेलं आहे. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थही बोलका आहे: येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचं प्रवचन. म्हणजे पहिल्या भागातले सगळे संदेष्टे एकाच 'येण्या'कडे बोट दाखवतात. तो आला, आणि रांग थांबली.

मग पुढे काय? आपल्याकडे ज्ञानदेव-नामदेवांनंतर एकनाथ आले, एकनाथांनंतर तुकाराम आले. देवाचं बोलणं एका पिढीपाशी थांबतं, ही कल्पना मराठी मनाला चटकन पटत नाही. म्हणून आमच्या मंडळाच्या वाचनात हा प्रश्न हटकून निघतो: ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे बायबलच्या काळानंतर संदेष्टा येऊ शकतो की नाही?

उत्तर आधी थोडक्यात सांगतो, मग त्याचा इतिहास. ख्रिस्ती परंपरेने एकमुखाने 'नाही' असं कधीच म्हटलेलं नाही, आणि सरसकट 'हो' असंही नाही. बहुतेक पंथांनी या प्रश्नाचे दोन तुकडे केले. सगळ्यांना बांधणारं नवं प्रकटीकरण, म्हणजे बायबलमध्ये भर घालणारं देववचन, पुन्हा येईल का? इथे दार बंद. पण एखाद्या माणसाला एखाद्या वेळी देवाकडून सूचना, इशारा किंवा धीर देणारा शब्द मिळेल का? इथे बरीच दारं उघडी आहेत. फक्त दारावर पहारा आहे. त्या पहाऱ्याचा, म्हणजे परीक्षेचा, इतिहास हाच या विषयाचा खरा गाभा आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

मराठीत या माणसाला नावं अनेक आहेत आणि प्रत्येक नाव आपल्याला वेगळीकडे नेतं. 'भविष्यवादी' म्हटलं की डोळ्यासमोर पुढचं सांगणारा ज्योतिषी उभा राहतो. 'संदेष्टा' म्हटलं की निरोप घेऊन आलेला माणूस. मराठी बायबलांत हे दोन्ही शब्द आढळतात. गोव्यातल्या कोंकणी उपासनेत 'प्रवादी' हा शब्द चालतो. 'पैगंबर' हा फारसी शब्दही मूळ अर्थाने निरोप आणणाराच, पण वापरात तो इस्लामशी जोडला गेला आहे. 'प्रेषित' शब्दाने तर भलताच गोंधळ होतो. वर्तमानपत्रात 'प्रेषित महंमद' असं छापतात, आणि मराठी बायबलात मात्र 'प्रेषित' म्हणजे येशूने पाठवलेले पेत्र, योहान वगैरे शिष्य. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक त्यांचंच.

मूळ हिब्रू शब्द 'नाबी', ग्रीक 'प्रोफेतेस'. ग्रीक शब्दाचा रोख दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याकडे आहे. भविष्य सांगणं हा त्याच्या कामाचा एक भाग, सगळं काम नव्हे. नाथान दावीद राजाकडे गेला तो त्याच्या पापाचा जाब विचारायला. आमोसाचा राग गरिबांना कवडीमोलाने विकणाऱ्यांवर होता. तेव्हा 'आज संदेष्टा येऊ शकतो का?' याचा अर्थ 'आज कुणी भविष्य सांगू शकतो का?' एवढाच घेतला, तर अर्धा विषय हातातून निसटतो.

आणखी एक फरक इथेच नोंदवतो, कारण हैदराबाद, बेळगाव भागातले वाचक तो लगेच विचारतील. इस्लाममध्ये महंमदांना शेवटचा पैगंबर मानतात, म्हणजे शेवट पैगंबरपदाचाच झाला. ख्रिस्ती मांडणी वेगळी आहे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या सुरुवातीचा आशय असा, की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या मार्फत बोलला आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला. इथे येशू हा रांगेतला शेवटचा निरोप्या नाही, तो स्वतःच निरोप आहे. म्हणून त्याच्यानंतर त्याहून मोठं काही सांगायला उरत नाही. पण त्याच निरोपाची आठवण करून देणारे येणारच नाहीत, असं यातून आपोआप निघत नाही.

नव्या करारातच संदेष्टे आहेत

येशूनंतर लगेच संदेष्टे थांबले, असं वाटत असेल तर 'प्रेषितांची कृत्ये' उघडून पाहावं. अगब नावाचा संदेष्टा दुष्काळाची सूचना देतो, पुढे पौलाच्या अटकेचीही देतो. यहूदा आणि सीला यांना संदेष्टे म्हटलं आहे. फिलिप्पाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत, असा स्पष्ट उल्लेख आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र योएल संदेष्ट्याचं वचन आठवतो. त्याचा आशय असा की शेवटच्या दिवसांत देवाचा आत्मा मुलांवर तसाच मुलींवरही ओतला जाईल आणि ते संदेश देतील. हे वचन लक्षात ठेवा, आपल्या जवळच्या इतिहासात ते पुन्हा भेटणार आहे.

पण परीक्षाही तिथूनच सुरू होते. करिंथच्या मंडळीला पौल सांगतो की दोघातिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ते पारखावं. थेस्सलनीकाकरांना तो सांगतो की संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. जुन्या करारातल्या अनुवादाच्या पुस्तकात दोन कसोट्या आधीच होत्या. सांगितलेलं घडलं नाही तर तो शब्द देवाचा नव्हे. आणि घडलं तरी, तो माणूस लोकांना दुसऱ्या देवाकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नये. दुसरी कसोटी जास्त कडक आहे. नुसतं भाकीत खरं ठरणं पुरेसं नाही, असं ती सांगते.

पाहुण्याची परीक्षा

बायबलच्या लगेच नंतरच्या काळाचं एक छोटं पुस्तक आहे, 'दिदाखे', म्हणजे 'शिकवण'. ते शतकानुशतकं हरवलेलं होतं. फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलमध्ये १०५६ सालच्या एका हस्तलिखितात ते १८७३ साली सापडलं आणि १८८३ साली छापलं गेलं. मंडळी कशी चालवावी याचे नियम त्यात आहेत, आणि गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांशी कसं वागावं हेही.

नियम अगदी घरगुती आहेत. पाहुणा एक दिवस राहिला तर ठीक, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी, पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या भरात 'जेवण मांडा' म्हणाला आणि स्वतःच जेवायला बसला, तर खोटा. शिकवतो एक आणि वागतो दुसरं, तरी खोटा. गंमत म्हणजे, आत्म्याच्या प्रेरणेने तो बोलत असताना त्याच्या बोलण्याला आव्हान देऊ नका असंही तेच पुस्तक सांगतं. म्हणजे वाणी तोलता येत नसेल, पण माणूस तोलता येतो.

आणि खरा निघाला तर? मग त्याला गावात ठेवून घ्या, पहिल्या पिकाचा वाटा द्या. या मंडळींना संदेष्टे नकोत असं मुळीच नव्हतं. त्यांना फुकटे नको होते.

फ्रिगियातलं वादळ

या विषयातलं सगळ्यात मोठं प्रकरण दुसऱ्या शतकातलं, आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिगिया प्रांतातलं. मोंतानुस नावाचा नवख्रिस्ती माणूस आणि प्रिस्किला व मॅक्सिमिल्ला या दोन स्त्रिया देहभान हरपून संदेश देऊ लागल्या. काळाबद्दल जुन्या लेखकांत मतभेद आहे. कुणाच्या हिशेबाने सुरुवात १५७ च्या सुमारास, कुणाच्या हिशेबाने १७२ च्या सुमारास. त्यांची शिकवण कडक होती: जास्त उपास, दुसरं लग्न नाही, छळ झाला तर पळायचं नाही. पेपुझा या गावाला ते नवं यरुशलेम म्हणत.

आपल्याकडे देवळात अवसर येतो, भार येतो. तेव्हा बोलतो तो माणूस नव्हे, देव बोलतो, अशी श्रद्धा असते. मोंतानुसचा दावा याच जातीचा होता. माणूस हे फक्त वाद्य, वाजवणारा देव. विरोधकांचा पहिला आक्षेप नेमका इथे होता. खरा संदेष्टा शुद्धीवर असतो, असं ते म्हणत. पौलानेही म्हटलं होतं की संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या ताब्यात असतो.

दुसरा आक्षेप कालगणनेचा. आपल्यानंतर संदेष्टा नाही, आता शेवटच, आणि लढाया-उलथापालथी होतील, असं मॅक्सिमिल्ला सांगत असे. तिच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर एका निनावी लेखकाने हिशेब मांडला: मोठं युद्ध नाही, छोटंही नाही, ख्रिस्ती लोकांनाही शांतता आहे. युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात पाचव्या भागात हा मजकूर जपलेला आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच मजकुरात विरोधक विचारतात: संदेशाचं दान प्रभू परत येईपर्यंत सगळ्या मंडळीत टिकेल असं प्रेषिताचं मत होतं, मग मॅक्सिमिल्लाला जाऊन चौदावं वर्ष लागलं तरी तुमच्यात पुढचा संदेष्टा कोण, ते दाखवा. नीट पाहा, हे शब्द मोंतानुसवाद्यांचे नाहीत. त्यांना खोटं ठरवणाऱ्या पक्षाचे आहेत. संदेष्टे संपले असं तो पक्ष म्हणतच नाही. उलट, संदेष्टे चालू राहायला हवेत आणि तुमच्यात ते दिसत नाहीत, असा त्याचा युक्तिवाद आहे. खऱ्या संदेष्ट्यांच्या यादीत तो अगब, यहूदा, सीला, फिलिप्पाच्या मुली ही नावं देतो आणि पुढे फिलदेल्फियाची अम्मिया आणि क्वाद्रातुस यांचीही. ही दोन नावं बायबलात नाहीत. म्हणजे दुसऱ्या शतकातल्या मुख्य प्रवाहाला बायबलबाहेरची एक स्त्रीही संदेष्टी म्हणून मान्य होती. जस्टिन आणि इरेनियस हे त्याच शतकातले लेखकसुद्धा हे दान आपल्या काळात चालू असल्याचं सांगतात.

उत्तर आफ्रिकेतला मोठा लेखक तर्तुल्लियन पुढे या चळवळीकडे वळला. त्याने एका भगिनीची हकिकत दिली आहे. रविवारच्या उपासनेत तिला दर्शनं होत. लोक निघून गेले की ती दर्शनं सांगायची, आणि ती काळजीपूर्वक तपासली जायची. म्हणजे उत्साही गटातसुद्धा तपासणी होतीच. वाद तपासावं की नाही याचा नव्हता. कुणी तपासावं, गटाने की बिशपांनी, हा होता.

यादी बंद होते

या प्रकरणानंतर दोन गोष्टी घट्ट झाल्या: बिशपांचा अधिकार आणि पवित्र पुस्तकांची यादी. 'मुरातोरी यादी' नावाच्या जुन्या लॅटिन तुकड्यात 'हर्मासचा मेंढपाळ' या दर्शनांच्या लोकप्रिय पुस्तकाबद्दल म्हटलं आहे की ते खुशाल वाचावं, पण उपासनेत संदेष्ट्यांच्या पुस्तकांबरोबर नको, कारण संदेष्ट्यांची संख्या पूर्ण झाली आहे. 'वाचा, पण यादीत नाही' हे सूत्र पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरलं.

चौथ्या शतकाच्या अखेरीला जॉन क्रिसोस्टम करिंथकरांस पत्रावर बोलताना सांगतो की हा भाग समजायला अवघड आहे, कारण त्या काळी जे घडत होतं ते आता घडत नाही. हे अनुभवाचं विधान होतं. त्याचा सिद्धांत पुढे इतरांनी केला.

मध्ययुगाचं उत्तर आणि गोव्याचा क्रूस

पश्चिमेकडे संदेष्टे येतच राहिले, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. हिल्डेगार्ड (१०९८–११७९), स्वीडनची ब्रिजिट, सिएनाची कॅथरीन. पोप ग्रेगरी अकरावा आविन्यों सोडून १३७७ साली रोमला परतला, त्याआधी कॅथरीनने त्याला त्यासाठी धारेवर धरलं होतं. नाथान दावीदापुढे उभा राहिला, त्याच जातीचं हे काम.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा प्रश्न दोन वाक्यांत बसवावा तसा बसवला. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक काळात संदेशाचं दान असलेली माणसं होतीच. पण ती श्रद्धेचा नवा सिद्धांत मांडायला नव्हे, तर माणसाच्या वागण्याला वाट दाखवायला. कॅथलिक उत्तर आजही मुळात हेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की देवाच्या सगळ्या प्रजेला ख्रिस्ताच्या संदेष्टेपणात वाटा आहे, आणि १९६५ साली म्हटलं की येशूच्या गौरवी प्रकटनापूर्वी नव्या सार्वजनिक प्रकटीकरणाची अपेक्षा नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात 'खासगी प्रकटीकरण' असा वेगळा कप्पा आहे. चर्चने मान्य केलेली दर्शनंसुद्धा श्रद्धेच्या मूळ ठेव्यात मोडत नाहीत. एखाद्या काळात ती श्रद्धा जगायला मदत करतात, एवढंच.

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये 'चमत्कारांच्या क्रुसा'चं चॅपेल आहे. १६१९ साली त्या क्रुसावर ख्रिस्ताचं दर्शन झालं, अशी परंपरा आहे. योगायोगाने स्टीफन्सही त्याच वर्षी वारला. भाविक तिथे डोकं टेकवतात. पण एखाद्या कॅथलिकाने त्या दर्शनावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याचं कॅथलिकपण जात नाही. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाबद्दल असं म्हणता येणार नाही. 'खासगी' आणि 'सार्वजनिक' यांतला फरक म्हणतात तो हा.

हा फरक पुस्तकी वाटतो, पण तसा तो नाही. आमच्या वाड्यावरच्या एका बाईंच्या मुलाला तारवावर नोकरी लागली होती. एका प्रार्थनासभेत कुणीतरी त्यांना सांगितलं की देवाने मला दाखवलंय, मुलाला पाठवू नका. कर्ज डोक्यावर, बॅग भरून तयार, आणि आई रात्रभर जागी. त्यांनी मला विचारलं, "बाब, हें आयकूंकच जाय काय?" मी पाद्री नाही, म्हणून त्यांना त्यांच्या पाद्रींकडे जायला सांगितलं. पण इतिहास वाचणाऱ्याला एवढं नक्की सांगता येतं, की त्यांच्याच परंपरेत असा शब्द ऐकता येतो, तोलता येतो, बाजूलाही ठेवता येतो. पाप लागेल या भीतीने तो मानायलाच हवा, असं नाही. आणि ज्याने तो सांगितला त्याला 'देव म्हणतो' एवढ्यावर दुसऱ्याच्या घराचा निर्णय घेण्याचा अधिकार मिळत नाही.

व्हॅटिकनने १७ मे २०२४ रोजी अशा घटनांच्या तपासणीचे नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार चर्च आता सहसा 'हे दैवी आहे' असं जाहीर करत नाही. अनुकूलात अनुकूल निर्णय म्हणजे 'हरकत नाही'. दिदाखेपासून चालत आलेली सावधगिरीच ही, फक्त कागदावर जास्त नेटकी.

सुधारणावाद्यांची भीती

प्रोटेस्टंट सुधारणेत हा प्रश्न रक्ताचा झाला. १५२१ च्या अखेरीला झ्विकाऊ गावचे काही 'संदेष्टे' विटेनबर्गला आले आणि देव आपल्याशी थेट बोलतो असं सांगू लागले. ल्यूथरने त्यांना झिडकारलं. १५३४–३५ मध्ये म्युन्स्टर शहरात संदेष्टे म्हणवणाऱ्यांनी सत्ताच हाती घेतली. नवं यरुशलेम, सक्तीचा बाप्तिस्मा, बहुपत्नीत्व, आणि शेवटी वेढा, उपासमार, कत्तल. 'देवाने मला सांगितलं' या शब्दांची किंमत एका अख्ख्या शहराने मोजली.

यानंतर बायबलबाहेरच्या वाणीबद्दल कडक भाषा आली, तिचं आश्चर्य वाटायला नको. कॅल्विनने प्रेषित आणि संदेष्टे ही पदं कायमची नाहीत असं मांडलं, पण गरज पडेल तसं देव अशी माणसं उठवतो, एवढी फट ठेवली. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने तर देवाच्या प्रकट होण्याच्या जुन्या पद्धती आता थांबल्या आहेत असं स्पष्ट नोंदवलं. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफील्ड याने १९१८ साली याच बाजूचा मोठा ग्रंथ लिहिला. या मताला 'दानं थांबली' असं मत म्हणू. प्रेषितांच्या अधिकाराची खूण म्हणून दानं दिली होती, प्रेषित गेले, दानंही गेली, असा त्याचा तर्क.

उलट टोकाला जोसेफ स्मिथ. १८३० साली त्याने 'मॉर्मनचं पुस्तक' प्रसिद्ध केलं, म्हणजे यादीच पुन्हा उघडली. त्याच्या चर्चचा अध्यक्ष आजही संदेष्टा मानला जातो. इतर बहुतेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्या चौकटीबाहेरचे मानतात, त्याची जी कारणं दिली जातात त्यांत हे मोठं आहे.

केडगावच्या मुली

आता योएलचं ते वचन पुन्हा आठवा. जून १९०५ मध्ये पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात प्रार्थनेचं एक जागरण सुरू झालं. मुली रडत, पापं कबूल करत, अंगात आग उतरल्यासारखं वाटतं म्हणत, आणि पुढे परभाषांत बोलल्याच्याही हकिकती आल्या. यांतल्या पुष्कळ मुली दुष्काळातून वाचलेल्या आणि विधवा. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरचं प्रसिद्ध जागरण १९०६ चं, म्हणजे केडगाव त्याच्या आधीचं. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या त्यांच्या मैत्रिणीकडे, मे हूव्हर यांच्याकडे, पोचली आणि १९०९ च्या तिथल्या पेन्टेकॉस्टल चळवळीच्या मुळाशी ती होती. मराठी मुलींच्या प्रार्थनेचा धागा दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

पेन्टेकॉस्टल पंथ म्हणतात की दानं थांबलेली नाहीत, संदेशाचं दानही नाही. पण त्यांच्यातलेही बहुतेक जण तो संदेश बायबलच्या बरोबरीला नेत नाहीत. अमेरिकन अभ्यासक वेन ग्रूडेम याने १९८८ साली हीच भूमिका सविस्तर मांडली: आजचा संदेश चुकू शकतो, म्हणून तो मंडळीने पारखायचा. थोडक्यात, पुन्हा पौलाचं करिंथ.

जुने कागद वाचताना

इतिहासाच्या वाचकाला यातून काय घ्यायचं? जुन्या पत्रात, चर्चच्या मासिकात किंवा मिशनच्या अहवालात 'संदेश', 'भविष्य', 'दर्शन' असे शब्द आले की मी चार प्रश्न विचारतो. लिहिणाऱ्याला पुढचं सांगणं अभिप्रेत आहे, की जाब विचारणं, की धीर देणं? तो शब्द एका माणसासाठी होता की सगळ्यांना बांधणारा? तो कुणी पारखला: शेजारपाजारच्या मंडळीने, पाद्रीने, की कुणीच नाही? आणि बोलणाऱ्याला त्यातून काय मिळालं: भाकर, पैसा, सत्ता, की नुसता त्रास?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सगळ्यांना बांधणारा' असं आलं, तर तो माणूस आपल्या काळच्या चर्चशी भांडणाच्या वाटेवर आहे हे समजावं. चौथ्याचं उत्तर 'नुसता त्रास' असं आलं, तर कागद जास्त लक्ष देऊन वाचावा. तपासणाऱ्यांचे कागद टिकतात आणि तपासले गेले त्यांचे हरवतात, हा मोंतानुसपासूनचा अनुभव आहे. प्रिस्किला-मॅक्सिमिल्ला यांची वचनं आज आपल्याला मिळतात ती तुकड्या-तुकड्यांत, आणि पुष्कळशी विरोधकांच्या लिखाणातून. मुक्तीच्या मुलींबद्दलही बाईंनी आणि मिशनऱ्यांनी लिहिलं, मुलींच्या स्वतःच्या हातचं फार थोडं.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी आजी-पणजीच्या काळची प्रार्थनेची वही, जागरणाच्या सभेची टिपणं, केडगाव किंवा इतर मिशनशी झालेला पत्रव्यवहार असेल, तर तो रद्दीत देऊ नका. आमच्याकडे पाठवताना तारीख आणि गाव लिहा, आणि मूळ शब्द आहे तसाच उतरवा. 'भविष्यवादी' असेल तर 'भविष्यवादी', 'प्रवादी' असेल तर 'प्रवादी'. कृपया तो सुधारून 'संदेष्टा' करू नका. लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं कोण होतं, हे त्या एका शब्दावरूनच कळतं.